अठ्ठ्याहत्तर ग्रॅमची काठी

२ मार्च

डॉक्टरांचं म्हणणं, माझा रक्तदाब जिभेवर न आलेल्या शब्दांमुळे वाढतो. हिचं म्हणणं, आलेल्या शब्दांमुळे. काही का असेना, रोज चार ओळी वहीत लिहायच्या असं ठरलंय. मन हलकं होतं म्हणे. एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, हजारो तराजू तपासले. मन हलकं झालं की नाही हे सांगणारा काटा काही माझ्या पाहण्यात आला नाही.

आजची बातमी अशी की हिने आणि हिच्या ताईने परस्पर ठरवून टाकलंय: मे महिन्यात चौघांनी आठ दिवस डोंगरात जायचं. तिथे ओढे आहेत, ओढ्यांत ट्राउट मासे आहेत, आणि गळाला नकली माशी बांधून ते पकडण्यात माझा साडू पंचवीस वर्षं मुरलेला आहे. म्हणजे आठ दिवस मी दगडावर बसून त्याचं कौतुक करायचं.

साडू दंतवैद्य. अठरा वर्षांपूर्वी त्याने माझी दाढ काढली. दुखत होती ती तिच्या शेजारची. तो अजून म्हणतो, दोन्ही किडल्या होत्या. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. दोन वर्षांपूर्वी त्याने चालता दवाखाना एका दिवसात बंद केला. कंटाळा आला म्हणे. मी म्हणतो, शेजारची दाढ गेलेला मी काही एकटाच नसणार.

संध्याकाळी त्याचा फोन. “मापाडी, नवी काठी घेऊ नका. माझी जुनी देतो उसनी. तुमच्या हातात काय, बांबू दिला तरी तेच.”

मी निरीक्षक होतो, मापाडी नव्हतो. काठी मी माझी घेणार.

५ मार्च

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्यांचं दुकान आणि किल्ल्या करणारा यांच्या मध्ये, गळांचं दुकान आहे. चालवणारी बाई पन्नाशीची. चष्मा कपाळावर, आणि गिऱ्हाईक आलं की तिला कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखं वाटतं.

मी म्हणालो, “हलकी काठी हवी. लहान ओढ्यासाठी. प्रवासात नेता येईल अशी.”

“तीन की चार?”

“तीन काय?”

“तीन नंबर.”

“ग्रॅम? इंच?”

“नंबर हो. काठीला कितव्या नंबरची दोरी चालते, तो नंबर. लहान ओढ्याला तीन पुरतो. वारा असला तर चार.”

“म्हणजे वजन नाही.”

“वजन वेगळं.”

“मग कार्डावर ‘वेट तीन’ असं का छापलंय?”

“तसंच छापतात.”

एककाशिवाय आकडा! असल्या आकड्यांपायी मी दुकानांना टाळं ठोकलेलं आहे. मी पिशवीतून माझा लहान काटा काढून तिच्या काउंटरवर ठेवला. एका काठीच्या कार्डावर सत्तर ग्रॅम होतं. काट्यावर अठ्ठ्याहत्तर भरले.

“आठ ग्रॅमची तफावत आहे,” मी म्हणालो.

“आठ ग्रॅमनी मासा पळतो का?”

“प्रश्न माशाचा नाही, तत्त्वाचा आहे.”

“तत्त्व घ्यायचं तर शेजारी विचारा. आणि काटा उचला, काच घासतेय.”

उर्मट बाई. पुन्हा जाणार.

९ मार्च

हिच्या पोटात काही राहत नाही. मी दुकानात पोचलो तर साडू आधीच स्टुलावर बसलेला. बाई त्याच्याशी हसून बोलत होती! ह्या बाईला हसता येतं, हे मला नवीन.

काठी निवडायची त्याची पद्धत भोंदूबाबाची. काठी घ्यायची, हात सरळ लांब करायचा, डोळे मिटायचे आणि उभं राहायचं. मग म्हणायचं, “जड.” पुढची. “जड.” त्यातली एक मी काट्यावर टाकली, शहाण्णव ग्रॅम.

“साबणाची वडी ह्याहून जड असते,” मी म्हणालो.

“साबण कुणी दिवसभर हात लांब करून धरत नाही, मापाडी.”

मग बाईने ती अठ्ठ्याहत्तरवाली दिली. साडेसात फूट, तीन नंबर, सहा तुकड्यांची. तुकडे नळीत घातले की नळी हातभरही भरत नाही, पाठीवरच्या पिशवीत जाते. त्याने ती धरली, डाव्या हाताने स्वतःचं उजवं कोपर धरलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. “ही बरी आहे,” म्हणाला. बावीस वर्षांत ह्या माणसाने कशाला बरं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

“रीळ तुम्ही लावा. शिकायला हवं ना,” असं म्हणून त्याने काठी माझ्याकडे सरकवली. स्टुलावर बसून हुकूम सोडायचे, कामाला मी.

पुढचं ऐका. मला म्हणाला, “ही तुमच्यासाठी नाही. तुम्ही आठ फुटी घ्या, चार नंबरची, चार तुकड्यांची. थोडी जड, पण नवशिक्याच्या हाताला दोरी जाणवते.” आणि बाईला, “ही माझ्यासाठी ठेवा. एकच आहे ना? पुढच्या महिन्यात नेतो. आधी घरातल्या तीन काढून टाकतो, नाहीतर बायको मला काढून टाकेल.”

हलकी त्याला, जड मला. दाढेसारखंच.

१६ मार्च

बागेतल्या हिरवळीवर सराव. सरावापुरती त्याची जुनी काठी घेतली. ती उसनी नव्हे, हे मी आधीच स्पष्ट केलं. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा झुपका.

तो बाकावर, दोन्ही हात कोटाच्या खिशात. चांगलं ऊन पडलेलं, लोक बाह्या सरसावून फिरत होते, ह्याचे हात खिशात. तिथून ओरडणं चालू. “मागे गेल्यावर थांबा! दोरीला सरळ होऊ द्या! तुम्ही मासे धरताय की गोठ्यातल्या माशा हाकलताय?” बाळगाडी ढकलणारी एक म्हातारी थांबून हसू लागली. तिच्याही अंगावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण तिला त्याने नमस्कार केला.

मी म्हणालो, “एकदा करून दाखवा की.”

“मी दाखवून तुम्हाला येणार आहे का?”

त्याला येत असतं तर दाखवलं असतं.

नंतर माशी बांधायची गाठ. बारीक तंतू, त्याहून बारीक गळाचं भोक. सत्तावीस गाठी मारायला लावल्या. मी मोजल्या. सगळा वेळ तो गाठीकडे बघतच नव्हता, माझ्या बोटांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “बोटं चांगली आहेत तुमची. फुकट गेली.”

२३ मार्च

ताईकडे जेवायला. जे पाहिलं ते लिहून ठेवतो, जुनी सवय आहे.

एक, सूप त्याने वाटी उचलून प्यायलं, चमच्याला हात लावला नाही. दोन, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी टेबलावर सांडलं. तीन, ताईने अर्धाच कप चहा दिला, न सांगता, म्हणजे हे रोजचं आहे. चार, शर्टाचं मधलं बटण उघडं. पाच, चालताना उजवा पाय किंचित ओढत होता. सहा, चालता दवाखाना बंद. सात, चिडचिड. (ही पूर्वीपासून आहे, तेव्हा धरत नाही.)

घरी येताना मी हिला म्हणालो, “तुझे भावोजी पितात.”

“काहीतरीच तुमचं!”

“हात थरथरतात. भरदिवसा.”

“अहो, वय झालं.”

“एकसष्ट हे काय वय आहे? मी त्रेसष्टचा आहे. बघ माझा हात.” बसमध्ये हात लांब करून दाखवला. एका बाईने मला बसायला जागा दिली.

२६ मार्च

ही म्हणाली, तोंड बंद ठेवा. तीन दिवस ठेवलं. रक्तदाब एकशे साठ. आज सकाळी ही बाजारात गेल्यावर ताईला फोन केला. कर्तव्य म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली: “मला वाटत होतं, हे फक्त मलाच दिसतंय.”

फोन ठेवल्यावर वाटलं तेवढं बरं वाटलं नाही.

२९ मार्च

त्याने कबूल केलं!

ताईने त्याला समोर बसवून विचारलं. मग म्हणाला, “हो. घेतो थोडी.” ताई रडली. कपाटं, कोटाचे खिसे, गाडी, बंद दवाखान्याचे खण, सगळं शोधलं. एकही बाटली नाही. वासही नाही. ही म्हणाली, “असं कसं हो?” मी म्हणालो, लपवण्यात पटाईत. एकतीस वर्षं खोटी वजनं शोधली मी. सापडत नाही म्हणजे नसतं असं नाही.

हिने माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत गेली.

६ एप्रिल

साडू एकटाच घरी आला. मी भांडणाच्या तयारीत, मुद्दे काढून ठेवलेले. तो खुर्चीत बसला आणि विचारलं, “काठी घेतली का?”

“अजून नाही.”

“आठ फुटीच घ्या. माझ्यावरचा राग काठीवर काढू नका.” उठताना दारात थांबला. “आणि बायकोला सांगितलंत ते... उपकार केलेत माझ्यावर.”

असा टोमणा! निर्लज्जपणाची हद्द. एवढा गंभीर चेहरा करून बोलला की क्षणभर मला खरंच वाटलं.

११ एप्रिल

काठी घेतली. अठ्ठ्याहत्तर ग्रॅमची.

बाई म्हणाली, “ती त्यांच्यासाठी ठेवलीय.”

“पावती दाखवा.”

“शब्द दिलाय.”

“शब्दाला एकक नसतं. दुकानात मांडलेला माल मागणाऱ्याला द्यावा लागतो. कलम सांगू का?”

कलम आहे की नाही, मला आठवत नव्हतं. तिलाही ठाऊक नसावं. तिने काठी नळीत घातली, नळी पिशवीत घातली, आणि पिशवी माझ्या हातात न देता काउंटरवर सोडली. “गेल्या वर्षभरात त्यांनी माझ्याकडे दोन काठ्या परत आणल्यात. एक जड म्हणून, दुसरी पण जड म्हणून. तिसऱ्या खेपेला ही पसंत पडली. तुम्हाला काय करायचीय ती?”

“मासे धरायचेत,” मी म्हणालो.

चंचल माणूस. मी तर एका फेरीत निवड केली. घरी आल्यावर दिवाणखान्यात जोडून पाहिली. बोटांवर तोलली. जणू हातात काही नाहीच. ही दारात उभी होती. म्हणाली, “ही भावोजींची ना?”

मी तुकडे सुटे करायला लागलो.

१२ मे

पोचलो. विमान एवढंसं की प्रत्येकाला बारा किलोच सामान. मी घरीच चारही पिशव्या वजन करून आणल्या होत्या. विमानतळावरचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता, ते मी त्यांना लेखी दिलं. साडूने माझी काठीची नळी पाहिली. ओळखली. दीड तास खिडकीबाहेर बघत होता, आणि खिडकीबाहेर ढगाशिवाय काही नव्हतं.

ओढ्याकाठी लाकडी घर, दोन खोल्या. ताईने आल्या आल्या त्याची बॅग तपासली. त्याने किल्ली स्वतः दिली.

१४ मे

हे नीट लिहायला हवं. हातून चुकतंय, दोनदा खोडलं.

सकाळी नऊला ओढ्यावर गेलो. बहिणी घरीच. ओढा चार पावलांत ओलांडता येईल एवढा. पाणी काचेसारखं, दोन्ही बाजूंनी झुडपं झुकलेली. साडू म्हणाला, “तुम्ही इथे. मी वळणापलीकडे. मागे येऊ नका, मासे बुजतात.” आणि त्याची जुनी काठी घेऊन गेला.

दोन तासांत मी एक फांदी, एक बूट (माझाच) आणि पुन्हा तीच फांदी धरली. मग वाटलं, हा पलीकडे पीत बसला असणार. रंगेहाथ धरायचा. पाण्यातून चालत वळण घेतलं.

तो एका सपाट दगडावर बसला होता. काठी बाजूला आडवी, कोरडी. दोरी पाण्यात पडलीच नव्हती. दोन तासांत त्याची माशीसुद्धा बांधून झाली नव्हती. तंतू दातात धरलेला, गळ डाव्या हातात, आणि उजवा हात त्या भोकाशी तंतू नेत होता आणि जागच्या जागी नाचत होता. तो हाताला शिव्या देत होता. हळू आवाजात, एकामागून एक, एखाद्या हट्टी जनावराला द्याव्यात तशा.

मी दगडांमागे पाहिलं.

“बाटली शोधताय?” तो मागे न बघता म्हणाला.

“हो.”

“मिळाली तर मलाही द्या.”

मी त्याच्या हातातून गळ घेतला आणि गाठ मारली. मग तो सांगू लागला. दोन वर्षं झाली. आधी अंगठा. मग एक दिवस एका बाईच्या तोंडात सुई धरली होती, आणि सुईचं टोक हलायला लागलं. तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. त्याच संध्याकाळी पाटी उतरवली.

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“मी डॉक्टर आहे.”

“दातांचे.”

“नाव कळलं की ते घरी राहायला येतं, मापाडी. अजून ते पाहुणं आहे.”

“आणि ताईला दारू सांगितलीत?”

“तुम्ही सांगितलीत. मी नुसतं हो म्हणालो. दारू चांगली. दारू सुटते असं लोकांना वाटतं.” मग माझ्याकडे वळला. “बायकोला एक अक्षर बोलायचं नाही. शब्द द्या.”

मी दिला. काय करणार होतो? पायाखालून पाणी वाहत होतं आणि मी त्याची काठी घेऊन उभा होतो. माझी म्हणायची ती.

“ही घ्या,” मी म्हणालो. “तुमची जड आहे तुमच्या हाताला.”

“भीक नको.”

“भीक नाही. मी मुद्दाम घेतली होती, तुम्हाला मिळू नये म्हणून.”

“ठाऊक आहे. बाईने फोन केला होता. म्हणाली, काटा घेऊन आला होता तुमचा तो.”

घेतली त्याने शेवटी. हात लांब केला, काठीचं टोक थरथरायला लागलं आणि दोरी पाण्यावर विस्कटून पडली. दुसऱ्यांदा तेच. अठ्ठ्याहत्तर ग्रॅमही त्याला जड होते. तिसऱ्यांदा मी मागून जाऊन त्याचं कोपर धरलं.

“सोडा.”

“नाही सोडत.”

“निदान दारुड्याला धरतात तसं धरू नका.”

“मग कसं?”

“खालून. नुसता टेकू द्या. ढकलू नका, तुम्हाला सगळीकडे ढकलायची खोड आहे.”

खालून टेकू दिला. दोरी मागे गेली, तो थांबला, मीही थांबलो, आणि मग ती पुढे आली ती झुडपाच्या खालून, पाण्याला न दुखवता. बागेत तो काय ओरडत होता ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

१६ मे

वीतभर लांबीचा एक ट्राउट. पाठीवर ठिपके, पोट पिवळसर. माशी मी बांधलेली, फेक त्याची, कोपर माझ्या हातात, काठी माझी पण निवड त्याची. मासा कुणाचा यावर अर्धा तास भांडलो. तेवढ्यात त्याने तो सोडून दिला.

“वजन तरी करू द्यायचं होतं!”

“म्हणूनच सोडला.”

रोज सकाळी वळणापलीकडे जातो. बहिणींना वाटतं आम्ही एकमेकांची तोंडं बघायला नको म्हणून लांब जातो. जेवताना भांडत असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. भांडायला काही वेगळे कष्ट पडत नाहीत.

ताई मला बाजूला घेऊन विचारते, “तिकडे घेतात का हो?” मी म्हणतो, “माझ्या देखत नाही.” हे खोटं नाही. पण आजवर मी दुकानदारांकडून असलीच उत्तरं ऐकत आलोय आणि त्यांना दंड केलाय.

२० मे

परत. रक्तदाब एकशे अडुसष्ट. मी डॉक्टरांना म्हटलं, जिभेवर न आलेल्या शब्दांमुळेच. त्यांनी गोळी वाढवली.

२४ मे

ताईकडे जेवण. जेवण झाल्यावर तिने एक माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. व्यसनमुक्ती केंद्र, शहराबाहेर, सहा आठवडे. खोली ठरवून आली होती. येत्या सोमवारपासून. “हे तयार आहेत,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आनंदाने.

मी साडूकडे पाहिलं. तो माहितीपत्रकातला फोटो बघत होता. “बाग चांगली दिसतेय,” म्हणाला.

तो जाणार होता! दारूचा थेंब न प्यायलेला माणूस सहा आठवडे दारुड्यांत बसणार होता, आणि त्या सहा आठवड्यांत तो पाहुणा आणखी चार खोल्या बळकावणार होता. आणि हे सगळं माझ्या एका फोनवर उभं होतं.

“तो पीत नाही,” मी म्हणालो.

टेबलाखाली त्याने माझ्या नडगीवर लाथ मारली. पायात अजून चांगला जोर आहे.

“मी खोटं सांगितलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. तो कधीच प्यायलेला नाही, ताई.”

“मापाडी, गप्प बसा.”

“मग हात?” ताई म्हणाली. तिने एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, मग ओढत चालणाऱ्या त्या पायाकडे, मग रिकाम्या झालेल्या त्याच्या अर्ध्या कपाकडे, आणि तिचा चेहरा मला बघवेना. “किती दिवस?” तिने त्याला विचारलं. “मला सांगायचं नाही असं ठरवून किती दिवस झाले?”

तो उठला. तिच्याशी नाही, माझ्याशी बोलला. “बावीस वर्षांत एकदा तुमच्यावर विश्वास टाकला. एकदाच.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बसमध्ये हिने तिकिटं काढली. मग म्हणाली, “फोन केलात तेव्हा गप्प बसायला हवं होतं. आज बोललात ते बरं केलंत. तुमचं नेहमी असं उलटं का होतं हो?”

४ जून

तपासण्या झाल्या. ताईने फोनवर आजाराचं नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. ते नाव त्याचं आहे. बरा होत नाही, पण औषधांनी पुष्कळ आवरतो, व्यायामाने आणखी. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला असता तर दवाखाना अजून काही वर्षं चालला असता. ताई त्यांना म्हणाली, हे ह्यांना सांगू नका. मग मला का सांगितलं, कोण जाणे. बहुधा कुणाला तरी सांगायला हवं होतं.

तो माझ्याशी बोलत नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ताई म्हणाली, “ते झोपलेत.” मागे त्याच्या खोकल्याचा आवाज.

मार्चमध्ये थरथर पाहून मी दारू हा शब्द उच्चारला नसता, नुसतं ‘हात थरथरतो’ एवढंच म्हणालो असतो, तर दोन महिने वाचले असते. निरीक्षकाने जे दिसतं ते लिहायचं असतं. कारण लिहायचं नसतं. हे मी नव्या भरती झालेल्यांना शिकवायचो.

११ जून

काठी घेऊन त्याच्या घरी गेलो. ताईने दार उघडलं, आत निरोप दिला, बाहेर आली. “नको म्हणतात.” नळी घेऊन परत आलो. बसमध्ये ती मांडीवर आडवी ठेवली होती.

१९ जून

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही.

२२ जून

दुपारी चारला बेल वाजली. साडू. एकटाच, रिक्षाने आला होता. हिने “या ना भावोजी” म्हटलं, तो आत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. वेळ लागला असणार.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” म्हणाला.

“मी मागितलेली नाही.”

“मागायला हवी होती.”

“मागायलाच आलो होतो. तुम्ही घरात घेतलं नाहीत.”

ह्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. असे प्रसंग क्वचित येतात, मी घड्याळात पाहून ठेवलं. मग तो म्हणाला, “सप्टेंबरात ओढ्याला पाणी चांगलं असतं. डॉक्टर जा म्हणाले. बायको म्हणते, एकटं सोडणार नाही. आणि तिला कोपर धरता येत नाही. घट्ट धरते. काल हिरवळीवर तिला दोन तास शिकवत होतो, शेवटी दोघंही रडलो.”

“मग दुसरं कुणी बघा.”

“बघितलं. दुकानातल्या बाईलाही विचारलं. ती म्हणाली, तिचं गुडघ्याचं दुखणं आहे.”

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

“करा. तुम्हाला विचार करायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. मी बसतो.”

आणि बसला, माझ्याच खुर्चीत. मी आतल्या खोलीत येऊन हे लिहितोय. पाऊण तास झाला. बाहेर तो हिला माझ्या दाढेची गोष्ट सांगतोय, पूर्ण चुकीची. ही हसतेय. चहाचं आधण दुसऱ्यांदा ठेवलेलं ऐकू येतंय.

बसू दे अजून दहा मिनिटं.